नातवाचं इंग्रजी आणि आजीची मराठी



आधी आजी-आजोबांना एक प्रश्न. तुमची नातवंडं इंग्रजीच्या वहीत ‘विदाउट टु नो’ किंवा ‘इन्स्टेड ऑफ टु गो’ असं लिहितात का? इस्राएलमध्ये वाढणारी मुलं लिहितात, हे मी अश्दोदला असताना पुष्कळदा पाहिलं. इथे जर्मनीतली मुलंही अगदी तेच लिहितात, आणि त्यांत जर्मन आईबापांची मुलंसुद्धा आली. बरोबर काय, तर ‘विदाउट नोइंग’ आणि ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’. मी मुंबईला बत्तीस वर्षं मराठी मुलांना इंग्रजी शिकवलं. स्पेलिंगं चुकायची, ‘ए’ कुठे आणि ‘द’ कुठे याचा गोंधळ तर कायमचाच, पण ही चूक क्वचित दिसायची. असं का, याचा तेव्हा कधी विचार केला नाही. जी चूक होतच नाही तिच्याकडे शिकवणाऱ्याचं लक्ष कशाला जाईल? विचार करायची पाळी आली ती इथे फ्रँकफर्टला, सत्तरी ओलांडल्यावर, नातवामुळे.

माझी थोडी ओळख सांगते. मी माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलेली. ही शाळा हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी काढली, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. आमच्या वेळी घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची आणि जरा वरच्या वर्गात गेलं की रेन आणि मार्टिनचं व्याकरण. निवृत्तीनंतर काही वर्षं मुलाकडे अश्दोदला राहिले, आणि आमचे हे गेल्यावर मुलीकडे फ्रँकफर्टला आले. इथे आपली बेने इस्राएल माणसं शोधून सापडत नाहीत. १९९१ नंतर जुन्या सोव्हिएत देशांतून यहुदी लोक फार मोठ्या संख्येने जर्मनीत आले, त्यामुळे वेस्टएंडच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की जिकडेतिकडे रशियनच कानावर पडते. मराठी बोलायला मला घरचीच माणसं.

आणि घरी काय? नातू लहान असताना बालवाडीतल्या एका बाईंनी माझ्या मुलीला सांगितलं, घरी फक्त जर्मन बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. मुलीने ते ऐकलं. मी तिला दोष देत नाही. परक्या देशात, नवी नोकरी, शाळेतली बाई सांगते म्हणजे खरंच असेल असं कुणालाही वाटेल. आजकाल भाषेचे जाणकार उलट सांगतात, की घरची भाषा पक्की असली तर मुलाला दुसरी भाषा धरायला आधार मिळतो. पण तोवर सहा-सात वर्षं निघून गेली होती. मी आले तेव्हा मी मराठीत विचारायची आणि नातू जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. समजायचं त्याला सगळं. “आजी, मराठी कशाला, ती इथे कुणालाच येत नाही,” हेही जर्मनमध्येच.

तर हा नातू आठवीत असताना इंग्रजीच्या पेपरात त्याला ५ मिळाले. मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, इथे १ ते ६ असे मार्क असतात, १ सगळ्यांत उत्तम आणि ५ म्हणजे घरी तोंड लपवायची वेळ. पेपर टेबलावर पडला होता. लाल शाईच्या खुणा पाहिल्या आणि माझ्यातली बाई जागी झाली. जवळजवळ सगळ्या खुणा एकाच जातीच्या. ‘ही वेंट विदाउट टु से एनिथिंग.’ ‘थँक यू दॅट यू केम.’ ‘आय लुक फॉरवर्ड टु सी यू.’ आणि एक तर फारच मजेदार, ‘विदाउट दॅट आय न्यू इट.’ बाईंनी खाली शेरा दिला होता की जेरंडचा अभ्यास कर.

जेरंड म्हणजे आपल्या मराठी व्याकरणातलं धातुसाधित नाम. ‘जा’ हे क्रियापद, त्याचं नाम केलं की ‘जाणे’. इंग्रजीत ‘गो’चं ‘गोइंग’. नियम रेन आणि मार्टिनमध्ये आहे तोच: ‘विदाउट’, ‘आफ्टर’, ‘बाय’, ‘इन्स्टेड ऑफ’ अशा शब्दांमागे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावून येतं. नातवाला नियम पाठ होता. त्याने तो मला घडाघडा म्हणून दाखवला आणि पुढच्याच वाक्यात परत ‘विदाउट टु से’ लिहिलं. नियम डोक्यात असतो, हात मात्र ओळखीच्या वाटेनेच जातो.

त्याची ओळखीची वाट जर्मन. जर्मनमध्ये ‘न विचारता’ला म्हणतात ‘ओने त्सु फ्रागेन’. ‘ओने’ म्हणजे शिवाय, आणि ‘त्सु’ म्हणजे हुबेहूब इंग्रजी ‘टु’. ‘जाण्याऐवजी’ला ‘श्टाट त्सु गेएन’, त्यातही ‘त्सु’ आहेच. मग मूल ‘विदाउट टु’ लिहिणार नाही तर काय करणार? अश्दोदच्या मुलांचंही हेच. हिब्रूत ‘ब्ली लादाअत’, ‘बिमकोम लालेखेत’ म्हणतात, दोन्हीकडे तो ‘ला’ म्हणजे ‘टु’च. दोन भाषांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, तरी दोघींनी मुलांना एकाच खड्ड्यात नेऊन सोडलं आहे.

आता मराठीकडे या. ‘घर’ आणि ‘समोर’ जोडा. आपण ‘घरसमोर’ म्हणतो का? ‘घरासमोर’ म्हणतो. ‘घोडा’ आणि ‘वर’ मिळून ‘घोड्यावर’. ‘शाळा’ आणि ‘जवळ’ मिळून ‘शाळेजवळ’. शब्दयोगी अव्यय आलं की आधीचं नाम आपलं रूप बदलतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणायला शिकलो. आणि क्रियापदाचं नाम केलं तरी तेच. ‘जाणे’ आणि ‘पूर्वी’ मिळून ‘जाण्यापूर्वी’. ‘सांगणे’ आणि ‘ऐवजी’ मिळून ‘सांगण्याऐवजी’. कधी ‘ण्या’ येतो, कधी ‘ल्या’ येतो: ‘जेवल्यानंतर’, ‘विचारल्याशिवाय’, ‘आल्याबद्दल’. पण क्रियापद तसंच्या तसं उघडं कधी राहत नाही. ‘जा पूर्वी’ असं कुणी मराठी मूल म्हणणार नाही.

इंग्रजीचंही नेमकं हेच आहे, फक्त तिथे अव्यय पुढे बसतं. इंग्रजीत ‘हाउस’चं रूप ‘बिफोर’मुळे बदलत नाही, ‘हॉर्स’चंही नाही. पण क्रियापद आलं की बदलावंच लागतं, आणि त्या बदलाचं नाव ‘इंग’. म्हणजे ‘इंग’ हे इंग्रजी क्रियापदाचं सामान्यरूप समजा. व्याकरणाचे पंडित माझ्यावर रागावतील, पण मूल शिकवताना हे इतकं चपखल बसतं की मी पंडितांचा राग सोसायला तयार आहे. मराठीत वाक्य म्हणून बघायचं. ‘ण्या’ किंवा ‘ल्या’ला अव्यय चिकटलं, की इंग्रजीत आधी अव्यय आणि मग ‘इंग’. ‘जाण्यापूर्वी’ म्हणजे ‘बिफोर गोइंग’. ‘आल्याबद्दल धन्यवाद’ म्हणजे ‘थँक यू फॉर कमिंग’. मुंबईच्या माझ्या मुलांना कुणी हे सांगितलं नव्हतं. ती ‘आल्याबद्दल’ असा विचार करायची आणि ‘कमिंग’ आपोआप यायचं.

मला वाटलं, झालं काम. नातवाला म्हटलं, “आता याचं मराठी सांग, मग इंग्रजी आपोआप येईल. मी निघायच्या आधी तुला फोन करते.” त्याने विचार केला आणि म्हणाला, “तू येणेआधी.”

येणेआधी! तेव्हा कुठे मला कळलं की गाडी कुठे अडली आहे. त्याच्या मराठीत सामान्यरूपच उरलं नव्हतं. मग मी मुद्दाम कान देऊन ऐकायला लागले. ‘शाळामध्ये’, ‘टेबलवर’, ‘घोडावर’, ‘मासाचं कालवण’. ‘टेबलवर’ चालून जाईल, आजकाल मुंबईतही ऐकू येतं. पण ‘घोडावर’? समजणं पूर्ण होतं, शब्द होते, पण शब्दांना जोडणारा तो मधला सांधा निसटला होता. घरात भाषा फक्त ऐकली जाते आणि बोलली जात नाही तेव्हा हे असंच होतं. मोठाले शब्द टिकतात, ‘मलिदा’, ‘हलवा’, ‘आजी’, आणि बारीक सांधे पहिले गळून पडतात. म्हणजे बघा, माझ्याकडे किल्ली होती, पण ज्या हातात द्यायची त्या हाताला ती धरता येत नव्हती. इंग्रजी शिकवायला आधी मराठी शिकवणं आलं.

ते शिकवलं स्वयंपाकघरात, वहीशिवाय. मी वस्तू दाखवायची आणि त्याने ‘खाली’, ‘वर’, ‘मागे’ जोडायचं. खुर्ची, खुर्चीखाली. डबा, डब्यावर. पडदा, पडद्यामागे. तवा, तव्यावर. आठवड्याभरात ‘घोड्यावर’ आला. मग क्रियापदं: चिरणे, चिरण्याआधी, धुणे, धुतल्यावर. इथे माझी मुलगी कामावरून आली आणि कोट काढता काढता म्हणाली, “आई, चिरण्याआधी कोण म्हणतं? चिरायच्या आधी म्हणतात.” बरोबर आहे. बोलताना आपण ‘यायच्या आधी’, ‘खायच्या आधी’च म्हणतो, ‘येण्यापूर्वी’ हे पुस्तकातलं. दोन्ही चालतात, दोन्हींमध्ये क्रियापद आपलं रूप बदलतं. त्यावर आम्हा दोघींचा चांगला अर्धा तास वाद झाला, मराठीत, नातवासमोर. मुलगी त्याच्यासमोर इतकं मराठी सलग बोलली त्याला किती वर्षं झाली होती ते मी मोजत बसले नाही.

आता त्या मजेदार वाक्याकडे येते, ‘विदाउट दॅट आय न्यू इट’. ही साध्या ‘विदाउट टु’पेक्षा मोठी गोष्ट आहे. कधी कधी अव्ययाला एखादा शब्द जोडायचा नसतो, अख्खं वाक्य जोडायचं असतं. जर्मन त्यासाठी ‘ओने दास’ म्हणते, म्हणजे ‘शिवाय की’, आणि पुढे सरळ वाक्य सुरू करते. आणखी एक युक्ती तिच्याकडे आहे, ‘दादुर्ख, दास’, म्हणजे ‘यामुळे, की’. आधी एक खुंटी ठोकायची आणि तिच्यावर वाक्य टांगायचं. रशियनचंही असंच. सिनेगॉगमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या एक आजी ओदेसाच्या आहेत, आमची दोघींची जर्मन सारखीच मोडकी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘जाण्यापूर्वी’ला त्यांच्याकडे जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ ‘त्याच्या आधी, जसं जाणे’. परत खुंटी. पण ‘काही न सांगता’ला त्यांचं एकच रूप, ‘ने स्काज़ाव’, आपल्या ‘न सांगता’सारखं. त्यांना फार गंमत वाटली. त्यांच्याही नातीला इंग्रजीत हेच लाल शेरे मिळतात म्हणे.

इंग्रजी मात्र ‘विदाउट’मागे ‘दॅट’ सहन करत नाही. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’मागे पूर्ण वाक्य चालतं, ‘बिफोर यू गो’ म्हणता येतं. पण ‘विदाउट’, ‘इन्स्टेड ऑफ’, ‘बाय’, ‘फॉर’ यांच्यामागे वाक्य लावायचं तर मध्ये ‘इंग’वालं क्रियापद आणावंच लागतं. ‘माझ्या नकळत’ हे ‘विदाउट माय नोइंग’. आणि वाक्य मोठं असेल तर मग त्या ‘इंग’च्या मागे ‘दॅट’ खुशाल येतं. ‘दार उघडं आहे हे न बघताच तो गेला.’ इंग्रजीत, ‘ही लेफ्ट विदाउट सीइंग दॅट द डोअर वॉज ओपन.’ ‘दॅट’ला टेकायला क्रियापद हवं, नुसतं अव्यय त्याला पेलवत नाही.

मराठी वाक्य नीट बघा, त्यात सगळे तुकडे हजर आहेत. ‘दार उघडं आहे’ हे गौण वाक्य. मग ‘हे’, ती गाठ. मग ‘न बघता’. इंग्रजीत तेच तुकडे उलट्या क्रमाने: ‘विदाउट’, ‘सीइंग’, ‘दॅट’, आणि शेवटी दार. ‘आजी आजारी आहे | हे | सांगण्या | ऐवजी’ आणि तिकडे ‘इन्स्टेड ऑफ | सेइंग | दॅट | ग्रँडमा वॉज इल’. मी कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा नातू म्हणाला, “म्हणजे मराठी वाक्य उजवीकडून वाचायचं, हिब्रूसारखं.” बार-मित्स्वासाठी केलेल्या अभ्यासाचा हा असा उपयोग होईल असं त्याच्या शिक्षकांना वाटलं नसेल. त्या दिवसापासून तो ‘हे’ शोधतो. मराठी वाक्यात ‘हे’ सापडलं की तिथे ‘दॅट’. एक बारीक गोष्ट: जर्मनमध्ये ‘दास’च्या आधी स्वल्पविराम द्यावाच लागतो, इंग्रजीत ‘दॅट’च्या आधी देत नाहीत. त्याचे वेगळे लाल फराटे होतेच.

आता मराठीची पाठ फार थोपटायला नको, म्हणून कबूल केलेली दुसरी चूक सांगते. ती आपल्या लोकांची खास. ‘मी भाजी आणण्यासाठी बाजारात गेले.’ इथे ‘ण्या’ आहे, ‘साठी’ आहे, म्हणून आपण लिहितो ‘फॉर ब्रिंगिंग व्हेजिटेबल्स’. इंग्रजीत हे चालत नाही. माणूस काही करण्याच्या हेतूने निघाला तर ‘टु’, म्हणजे ‘टु बाय व्हेजिटेबल्स’. तिथे जर्मन मूल बिनचूक असतं आणि मराठी मूल फसतं. पण वस्तू कशासाठी आहे हे सांगायचं असेल तर ‘फॉर’ आणि ‘इंग’ चालतं: ‘ही सुरी भाजी चिरण्यासाठी आहे’ म्हणजे ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’. मुंबईला वहीमागून वही मी हा ‘फॉर’ खोडत आले. इथे नातवाला ‘टु’ खोडावा लागतो.

‘लुक फॉरवर्ड टु’ची गोष्ट वेगळीच. तिथला ‘टु’ क्रियापदाचा नाही, अव्यय आहे. कसं ओळखायचं? मागे एखादं साधं नाम घालून बघायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टु संडे’ म्हणता येतं, म्हणजे तो अव्यय, म्हणून ‘टु सीइंग यू’. मराठीत ‘तुला भेटण्याची वाट पाहते’, परत ‘ण्या’ आलाच. ‘लवकर उठण्याची सवय’ म्हणजे ‘यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’, तसंच.

आणि एक फसवी जागा, जिथे मराठी जास्त मोकळी आहे. ‘मलिदा खाल्ल्यावर ताटं धुतली’ हे मराठीत ठीक. कुणी खाल्ला, कुणी धुतली, ऐकणाऱ्याला समजतं. इंग्रजीत ‘आफ्टर ईटिंग द मलिदा, द प्लेट्स वेअर वॉश्ड’ लिहिलं तर अर्थ होतो की ताटांनीच मलिदा खाल्ला. ‘इंग’चा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा लागतो. आपल्या ‘खाऊन’चा नियम साधारण असाच आहे. ‘मलिदा खाऊन आम्ही ताटं धुतली’ म्हणतो, ‘मलिदा खाऊन पाऊस आला’ म्हणत नाही. नातू या वाक्यावर इतका हसला की घरातल्या प्रत्येक भांड्याने काय काय खाल्लं याची त्याने यादी केली.

एका भाषेचं व्याकरण दुसरीच्या आधाराने समजून घेणं हे आपल्या समाजाला नवीन नाही. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे, त्यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, आपल्याच लोकांसाठी. ते मिशनरी होते, त्यांचा हेतू काय होता ते उघड आहे, पण पुस्तक कामाचं होतं. मग आपले जोसेफ एझेकिएल राजपूरकर, जन्म १८३४ चा. डेव्हिड सॅसून यांच्या शाळेचे चाळीस वर्षं मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, आणि आपल्या प्रार्थनांची मराठी भाषांतरं करणारे. जुन्या हिब्रूत ‘ब’ आणि ‘येणे’ आणि ‘त्याचे’ हे तिन्ही एकाच शब्दात गुंफतात, ‘बवोओ’, म्हणजे ‘तो आल्यावर’, ‘त्याच्या येण्याच्या वेळी’. अव्यय, धातुसाधित नाम आणि त्याचा कर्ता. आजची बोलायची हिब्रू इथे ‘शे’ लावून सरळ वाक्य करते. पण राजपूरकरांसमोर ती जुनी हिब्रू होती, आणि मराठीत तिला उतरवायला ‘ण्या’ आणि ‘ल्या’ हाताशी होते. जर्मनमध्ये ते एवढं सहज झालं असतं का, मला शंका आहे. अर्थात ‘जेवताना’ला जर्मन ‘बाइम एसन’ म्हणते आणि ‘जेवणापूर्वी’ला ‘फोर डेम एसन’, तिथे तिचं क्रियापद नाम होतं, पहिलं अक्षर मोठं करून. म्हणजे अगदीच गरीब नाही बिचारी.

नातवाला मी हे सगळं सांगितलं, पण राजपूरकर त्याच्यासाठी फार जुने. त्याला ज्याने चकित केलं ती गोष्ट वेगळी. फ्रँकफर्टच्या दक्षिणेला हायडेलबर्ग आहे, शाळेची सहल तिथे गेली होती. म्हटलं, तिथल्या विद्यापीठात गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन गृहस्थ होते, १९९२ साली वारले. ते मराठी शिकले, धनगरांच्या ओव्या ऐकत महाराष्ट्रात गावोगाव फिरले, खंडोबावर त्यांनी लिहिलं. नातू म्हणाला, “जर्मन? स्वतःहून? परीक्षा नसताना?” मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “त्याला ‘घोड्यावर’ यायचं असेल का?” खंडोबा घोड्यावरच बसलेला असतो, यायलाच हवं.

पुढच्या पेपरात ३ मिळाले. ‘लुक फॉरवर्ड टु सी’ तसाच राहिला, बाकीचे सुटले. बाईंनी विचारलं म्हणे, शिकवणी लावलीस का? तो म्हणाला, आजीने मराठीतून शिकवलं. बाईंना ते नीटसं समजलं नाही, म्हणून त्याने फळ्यावर ‘जाण्यापूर्वी’ लिहून दाखवलं, देवनागरीत. देवनागरी त्याला कधी लिहिता यायला लागली हे मला ठाऊक नव्हतं. घरी चौकशी केली तर कळलं, आईकडून, रविवारी, मी सिनेगॉगच्या आजीबाईंबरोबर फिरायला जाते तेव्हा.

आता वाचणाऱ्या मुलांसाठी थोडी वाक्यं देते. इंग्रजी करून बघा. शबाथचे दिवे लावण्यापूर्वी आजीने खिडकी बंद केली. मला न विचारता हलवा खाल्लास? फोन करण्याऐवजी तूच ये. पाऊस येणार आहे हे ऐकल्यावर आईने कपडे आत घेतले. तू आजारी आहेस हे न सांगता शाळेत का गेलास? मदत केल्याबद्दल आभारी आहे. सायकल दुरुस्त करण्यासाठी मी दुकानात गेलो. शेवटच्यात ‘साठी’ आहे, तेवढं सांभाळा. इंग्रजी झालं की वही आजी-आजोबांकडे न्या. ते इंग्रजी विसरले असतील तर नुसतं मराठी वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या, आणि ते ‘लावण्यापूर्वी’ म्हणतात की ‘लावायच्या आधी’, तेवढं लिहून ठेवा.